दाभोळचा 'डाबुल' : दोन जुने नकाशे ओळखायला मदत हवी

वाशिष्ठीकाठ | ११ मे, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. इथे नाणी, तिकिटं, अडकित्ते, कंदील सगळ्यांवर धागे आहेत. जुन्या छापील नकाशांवर शोधून एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

हा नाद मला चार वर्षांपूर्वी लागला. चिपळूणला रद्दीच्या ढिगात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड मिळाला, १८८० चा. पुस्तक कसरीने चाळण केलेलं, पुठ्ठा गायब, पण आत घडी घालून चिकटवलेला जिल्ह्याचा नकाशा शाबूत होता. त्यात आमच्या खाडीचं प्रत्येक वळण बघत रात्रीचे दोन वाजले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी. तेव्हापासून जिथे जुना कागद दिसेल तिथे माझी पावलं अडतात. बायको ह्याला 'रद्दीचा डोहाळा' म्हणते.

आता मुद्द्याचं. दोन कागद आहेत.

अ) साधारण ५३ बाय ३९ सेंमी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदुस्थानपर्यंतचा समुद्र, लॅटिन मजकूर, जहाजं, रंगीत. आपल्या किनाऱ्यावर गावांची नावं मुंग्यांसारखी ओळीने लागलीत, त्यात चक्क 'डाबुल'! म्हणजे आमचं दाभोळ. लिन्सखोतेनच्या १५९६ च्या पुस्तकातला मूळ नकाशा आहे असं कळलंय.

ब) हा आजोळच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होता. पावसाळ्याआधीची शाकारणी काढली तेव्हा ट्रंक खाली आली. जाड कागद, काळा-पांढरा. किनारा आहे, समुद्रभर बारीक आकडे आहेत, जमिनीकडे जवळपास काहीच नाही. त्यावर कुणीतरी पेन्सिलीने रेघोट्या मारून काहीबाही खरडलंय. मामा म्हणतो खोडरबराने पुसून घे, स्वच्छ दिसेल.

दोन्ही कागद किती जुने, किती मोलाचे आणि ह्या हवेत टिकवायचे कसे? फोटो जोडले आहेत.

फणसगरा | ११ मे, रात्री १०:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). विषयातलं शष्प कळत नाही, पण 'रद्दीचा डोहाळा' आमच्याही घरी वापरण्यात येईल.

भिंगवाला | ११ मे, रात्री ११:३०

धागाकर्ते, आधी अ बद्दल.

लिन्सखोतेन हे नाव दमदार आहे, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं. हा डच पोरगा १५८३ मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाचेक वर्षं राहिला. पोर्तुगीज आपले सागरी मार्ग आणि नकाशे जिवापाड लपवायचे. ह्याने तिथे बसून जमेल तेवढं टिपून घेतलं आणि १५९६ साली ॲमस्टरडॅमला 'इतिनेरारिओ' छापून सगळं चव्हाट्यावर आणलं. पुढच्या सहा वर्षांत, १६०२ ला, डच ईस्ट इंडिया कंपनी उभी. त्या पुस्तकातला गोवा शहराचा मोठा नकाशा पाहिला नसेल तर जरूर बघा, गल्लीबोळ आणि बाजारपेठ दिसते. तर असा कागद खरा असेल तर तुम्ही आम्हा सगळ्यांना जेवण द्यायचं. पण फोटोत हिरवा रंग फार गुळगुळीत दिसतोय.

एक काम करा. सोनाराचं दहापट भिंग आणा. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन जहाजाच्या शिडावर रोखा. ताम्रपटावरून छापलेल्या नकाशात रेघ ही रेघच असते, सलग, काळी, कडेला किंचित उठलेली. तांब्यावर कोरलेल्या खाचेत शाई भरतात आणि ओलसर कागद जबरदस्त दाबाने त्यावर दाबतात, त्यामुळे शाई कागदावर थर धरून बसते. हलक्या बोटाला जाणवतेसुद्धा. रंग त्यावर नंतर कुंचल्याने दिलेला, कधी रेघेबाहेर गेलेला, कधी आत राहिलेला. ह्याउलट भिंगातून गुलाबी, निळे, पिवळे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसले, तर तो ऑफसेटवर छापलेला कागद. मग तो १५९६ चा नाही, फार तर तुमच्या-माझ्या वयाचा.

दुसरं, उजेडासमोर धरा. तेव्हाचा हातकागद तारांच्या चाळणीवर बनायचा. उभ्या-आडव्या रेषांची जाळी दिसते, नशीब असेल तर जलचिन्हही. अशा रेषा नसलेला सपाट कागद १७५० च्या दशकापासून यायला लागला. त्यावर १५९६ चा नकाशा असूच शकत नाही.

तिसरं, नकाशाच्या चौकटीबाहेर चहूबाजूंनी दबलेली कड बघा, ती छापताना दाबलेल्या तांब्याच्या पत्र्याची कड. अर्थात ही कोरडा ठसा मारून नकली करता येते, तेव्हा एकट्या ह्या खुणेवर जाऊ नका.

ब चा फोटो नीट काढा. खालची डावी कड आणि खालचा मधला भाग. मला तिथे काय लिहिलंय ते वाचायचंय.

मालवणीखाजा | १२ मे, सकाळी ७:०५

दाभोळवाल्यांनी एवढो तोरो दाखवू नये. आमच्या वेंगुर्ल्याचा नाव डच नकाश्यांत 'विंगुर्ला' म्हणान ठळक आसता. १६३७ साली डचांनी थंय वखार घातली, मगे नाव येतलाच मां!

जुनेर | १२ मे, सकाळी ८:४०

नावांवरून आठवलं. मुंबईच्या दक्षिणेला दोन बेटांना जुन्या इंग्रजी नकाशांत 'हेनरी' आणि 'केनरी' लिहिलेलं असतं. मी कॉलेजात असताना हे कुणी दोन इंग्रज भाऊ असावेत असं समजत होतो. उंदेरी-खांदेरी!

विजयदुर्ग शोधायचा तर 'घेरिया' शोधा. सुवर्णदुर्ग म्हणजे 'सेव्हर्नड्रूग'. हे नाव तर लंडनलाही जाऊन पोचलं. कमोडोर जेम्सने १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक मनोरा बांधला, १७८४ साली. सेव्हर्नड्रूग कॅसल म्हणून तो आजही उभा आहे. हर्णैच्या मासळी लिलावात कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

वाशिष्ठीकाठ | १२ मे, दुपारी १:२०

भिंगवाला, गावातल्या सोनाराकडे जाऊन आलो.

ठिपके आहेत. गुलाबी, निळे, पिवळे.

सोनार म्हणाला, "रांगोळी छान आहे."

आता खरं सांगूनच टाकतो. अ कागद माझ्याकडे 'आलेला' नाही, मी विकत घेतला, गेल्या दिवाळीत. कुठून ते लिहीत नाही. अठरा हजार मोजले. सोबत 'अस्सलपणाचं प्रमाणपत्र' होतं, सोनेरी कडेचं. आता वाटतं, नकाशापेक्षा त्या प्रमाणपत्राचा कागद चांगला होता. घरी आकडा तीन हजार सांगितलाय, तेव्हा कुणी ओळखीचं वाचत असेल तर कृपया आपल्यापुरतं ठेवा.

फणसगरा | १२ मे, दुपारी १:२६

वहिनींचा आयडी कोणता?

सुरंगी | १२ मे, दुपारी ३:००

वाईट वाटून घेऊ नका, ह्या छंदात पहिली फी सगळेच भरतात. मी ती ऑर्टेलियस ह्या सोळाव्या शतकातल्या नकाशाकाराच्या एका नकाशावर भरली. माझा कागद खरा होता, पण रंग नवा. काळा-पांढरा नकाशा रंगवला की भाव चढतो, म्हणून गेल्या पन्नासेक वर्षांत कितीतरी जुने कागद नव्याने रंगवले गेले.

जुना हिरवा ओळखायची एक खूण सांगते. तेव्हाचा हिरवा रंग तांब्याच्या गंजापासून बनवायचे. तो शेकडो वर्षांत कागदाला आतून खातो. नकाशा उलटा केला की हिरव्याच्या बरोबर मागे तपकिरी डाग उमटलेला दिसतो, कधी कागद तिथे बिस्किटासारखा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणजे जो दोष वाटतो तीच साक्ष. समोर गच्च हिरवं आणि मागे लख्ख पांढरं दिसलं, की मी आता पर्स बंद करते.

ऑर्टेलियसचं आणखी एक. १५७० साली अँटवर्पला त्याचा संग्रह निघाला. सगळे नकाशे एका मापाचे, एका पद्धतीचे आणि एकत्र बांधलेले. आपण ज्याला ॲटलास म्हणतो त्याची ही पहिली प्रत, मात्र 'ॲटलास' हे नाव मर्केटरने १५९५ च्या संग्रहाला दिलं. ऑर्टेलियसच्या नकाशांच्या पाठीवर मजकूर छापलेला असतो. १६१२ पर्यंत आवृत्त्या निघत राहिल्या, सात भाषांत. त्यामुळे पाठीवरची भाषा, पानाचा आकडा, ओळ कुठे तुटते हे बघून जाणकार आवृत्ती सांगतात. लोक पुढची जलपरी बघत बसतात. पाठ फ्रेममध्ये कायमची झाकून टाकू नये ते ह्यासाठी.

पुणेरी_बोरू | १२ मे, संध्याकाळी ६:१०

कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. हे सुटे नकाशे येतात कुठून? ऑर्टेलियसने सुटे विकायला संग्रह नव्हता काढला. कुणीतरी तीन-चारशे वर्षांचं बांधीव पुस्तक पात्याने कापतं, शंभर पानं शंभर गिऱ्हाइकांना विकतं, आणि आपण ती भिंतीवर लावून 'वारसा जपतो'. हा छंद म्हणजे खाटकाकडून बोकडाची शिंगं आणून प्राणिप्रेम मिरवण्यातला प्रकार आहे.

भिंगवाला | १२ मे, संध्याकाळी ७:४५

बोरू, झोंबलं, पण अर्धं मान्य. पूर्ण ॲटलास कापणाऱ्याला मीही माफ करत नाही. मात्र सगळेच सुटे कागद कापाकापीचे नसतात. कितीतरी संग्रह आधीच वाळवीने, पुराने, वाटणीने फुटलेले होते. काही नकाशे पहिल्यापासून सुटेही विकले जात. शिवाय तुम्ही-आम्ही ब्लाऊ ह्या डच नकाशाकाराचा लाखमोलाचा ॲटलास घेणारच नाही. त्याच्या १६६२ च्या लॅटिन आवृत्तीचे अकरा खंड! ठेवणार कुठे, दिवाणाखाली?

मी एक पथ्य पाळतो. ज्याच्या घडीजवळच्या कडेला ताजी, पांढरी, सरळ कापलेली धार दिसते, तो कागद घेत नाही. जुना काप पिवळा असतो.

पुणेरी_बोरू | १२ मे, रात्री ८:०२

आणि चोराला ती धार चहाच्या पाण्याने पिवळी करता येत नाही?

भिंगवाला | १२ मे, रात्री ८:१०

येते. निरुत्तर.

तटबंदी | १३ मे, सकाळी ९:३०

अठराव्या शतकातल्या इंग्रजी नकाशांत मुंबई ते गोवा ह्या पट्ट्यावर 'पायरेट कोस्ट' छापलेलं असतं. असले नकाशे पैसे देऊन विकत घेणं मला पटत नाही. आंग्र्यांचं आरमार म्हणजे चाचे?

जुनेर | १३ मे, सकाळी १०:१५

संताप रास्त आहे, पण म्हणूनच ते नकाशे ठेवायला हवेत ना. पोर्तुगीजांनी समुद्रात परवाना मागितला तर त्याचं नाव कार्ताझ, कान्होजींनी मागितला तर दस्तक आणि ती चाचेगिरी. नकाशा काढणारा कोणत्या जहाजावर बसलाय हे त्या दोन शब्दांतून जितकं कळतं, तितकं चार पानी प्रकरणातून कळत नाही.

आणि तो जहाजावर बसलाय हे फक्त राजकारणापुरतं नाही. आमचं गाव खाडीपासून पाच कोस आत. मी हौसेने डांव्हिल ह्या फ्रेंच नकाशाकाराचा १७५२ चा नकाशा पडद्यावर मोठा करकरून पाहिला. गाव नाही. त्याच्या आधीच्यांत तर प्रश्नच नाही. तिथे खाड्यांची तोंडं, बंदरं, किल्ले खच्चून भरलेत आणि मागे डोंगरांची एक रांग काढून टाकली की घाट संपला. जे डेकवरून दिसलं ते काढलं, दिसलं नाही ते कोरं. घाटमाथ्यावरचे शेजारी आम्हाला 'खालचे' म्हणतात, पण चौल-दाभोळ-वेंगुर्ला युरोपात छापून आले तेव्हा त्यांचं गाव कुठे होतं विचारा!

तटबंदी | १३ मे, सकाळी १०:५०

प्रकाटाआ (प्रतिक्रिया काढून टाकली आहे)

संपादक | १३ मे, सकाळी ११:००

धाग्याचं काश्मीर, म्हणजे नुसतं भांडण, नको. नकाशांवर बोला.

वाशिष्ठीकाठ | १३ मे, रात्री ९:१५

ब चे फोटो टाकलेत. खाली मधोमध लंडन, ॲडमिरल्टी, हायड्रोग्राफर वगैरे छापलंय. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वर्षं आणि महिने आहेत, शेवटचा आकडा १९११ चा. भिंगातून पाहिलं, ठिपके नाहीत. रेघ सलग आहे. आणि चौकटीबाहेर दबलेली कड आहे! म्हणजे हा ताम्रपटाचा? १९११ मध्ये?

भिंगवाला | १३ मे, रात्री १०:४०

होय! बसा आता नीट.

हा ब्रिटिश आरमाराचा सागरी नकाशा, खलाशांच्या भाषेत चार्ट. हे लोक विसाव्या शतकातही तांब्याच्या पत्र्यावरून छापत होते. कारण सोपं आहे. वाळूचा दांडा सरकला, नवा दिवा लागला, की पत्रा मागून ठोकून तेवढा भाग सपाट करायचा आणि नवं कोरायचं. सगळा नकाशा पुन्हा काढावा लागत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या तारखा म्हणजे ह्याच दुरुस्त्या. शीर्षकाखाली सर्वेक्षणाचं वर्ष जुनं दिसेल, पण तुमच्या हातातली प्रत १९११ च्या आसपासची. फक्त शीर्षक वाचून वर्ष सांगणारे इथेच फसतात.

ह्या किनाऱ्याची पद्धतशीर मोजणी १७८७ पासून मॅक्लूअर नावाच्या बॉम्बे मरीनच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराच्या, अधिकाऱ्याने केली. ती कंपनीचा नकाशाकार डॅलरिम्पल ह्याने लंडनमध्ये छापली. एकोणिसाव्या शतकात पुन्हा मोजणी झाली. समुद्रातले आकडे म्हणजे खोली, आणि आकड्यांशेजारची बारीक अक्षरं म्हणजे तळ कसला आहे, चिखल, वाळू, खडक की शिंपले. शिश्याच्या ओळंब्याच्या बुडाला चरबी लावून खाली सोडायचे. वर आला की चरबीला काय चिकटलंय ते बघायचे.

बाजारभाव विचाराल तर बेताचा. असे चार्ट हजारांनी छापले आणि जुने झाले की फेकले. पण तुमच्या अ पेक्षा हा नक्कीच महाग. अ ला भाव नाही.

खलाशी_दादा | १४ मे, पहाटे ५:३०

आकडे वावात असणार. दोन हात पसरले की एक वाव. इंग्रजांचा फॅदम तोच, सहा फूट. आमचे आजोबा दोरीला गाठी न मारता छातीवर मोजून सांगत.

पेन्सिलीच्या रेघा मला वेगळ्या फोटोत दाखवा. रेघोट्या नाहीत त्या. दोन रेघा खाडीच्या तोंडात एका ठिकाणी मिळतायत. तांडेलाचं, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याचं, काम आहे हे. पुसू नका. मामांना सांगा, खोडरबर पोरांच्या दप्तरात ठेवा.

सुरंगी | १४ मे, सकाळी ८:२०

पुसू नका ह्याला माझंही दहा वेळा अनुमोदन. दुकानदार स्वच्छ कागद मागतात कारण तो कुणाच्याही भिंतीला चालतो. खरडलेला एकाच भिंतीला चालतो.

आता टिकवण्याबद्दल. मी एका अभिलेखागारात दुरुस्तीच्या टेबलावर बारा वर्षं काढली, शिवाय सासर मुरुडचं, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलंय. कागदाला बरी हवा म्हणजे साधारण पन्नास टक्के आर्द्रता. पासष्ट-सत्तरच्या वर गेली की बुरशीचं फावतं. आपल्याकडे जुलैत नव्वद असते. तेव्हा पुस्तकी उपाय तसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. पहिली चूक लोक करतात ती प्लॅस्टिकची. पावसाळ्यात दमट झालेला कागद पिशवीत घालून तोंड बंद केलं, की तुम्ही बुरशीला बंद खोली भाड्याने दिलीत. बांधायचा तर आत्ता, मे महिन्यात, दोन कडक उन्हाचे दिवस बघून. कागद उन्हात नाही हो ठेवायचा, दिवस उन्हाचा हवा! सावलीत, पंख्याखाली, दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये.

ट्रंकेत परत नको. पत्रा गंजतो आणि घडीवर गंजाची रेघ उठते, ती जन्मात जात नाही. घडी उघडून सपाट ठेवा. कपाट जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका, पावसाकडच्या भिंतीला तर नाहीच. मध्ये वीतभर हवा खेळू द्या. वर धुतलेल्या मांजरपाटाचं कापड. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला न लागेल अशी. पोथ्यांच्या बासनात आपल्या आज्या ठेवायच्या तीच. कडुनिंबाचा पाला कागदाच्या घडीत ठेवू नका, डाग पडतात. डांबरगोळ्या कागदावर टाकू नका.

फाटलंय तिथे सेलोटेप लावाल तर मी येऊन हात धरीन. डिंक, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, काही नको. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी कागद, तेही शिकल्याशिवाय नाही. आणि चांगल्या माणसाने केलेली दुरुस्ती पाण्याने परत सोडवता येते, हे लक्षात ठेवून माणूस निवडा. एका ओळखीच्यांनी पेशवाईतला घरचा नकाशा लॅमिनेट करून आणला होता, खुशीत. मला रडू फुटलं, त्यांना वाटलं आनंदाने.

मीठगर | १४ मे, सकाळी ११:००

कायद्याचं कुणी बोललं नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू, आणि ऐतिहासिक वगैरे महत्त्वाची कागदपत्रं असतील तर पंचाहत्तर वर्षांवरची, ह्या कायद्यात येतात. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरात ठेवायला कुणी अडवत नाही, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरिअर करायचा विचार असेल तर आधी नीट विचारून घ्या.

ज्यांना फक्त बघायचंय त्यांनी पैसे घालवूच नयेत. इंटरनेटवर डेव्हिड रम्सी नकाशासंग्रह, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, दोन्हीकडे फुकट, आणि इतके मोठे करून बघता येतात की कोरणाऱ्याचा हात कुठे घसरला ते दिसतं. मी तिथला चौलचा भाग छापून घेऊन जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली घातलाय. आमटी सांडली तरी चिंता नाही.

मालवणीखाजा | १४ मे, दुपारी १२:१०

आणि गोंयांत पणजेक सेंट्रल लायब्ररी आसा, १८३२ ची. जुनी पोर्तुगीज पुस्तका बघूक गावतत. दोन तास म्हणान गेलंय, संध्याकाळी रखवालदारान भायर काढल्यान.

वाशिष्ठीकाठ | १५ मे, रात्री ८:५५

खलाशीदादा, पेन्सिलीचा भाग जवळून काढून टाकलाय. अक्षरं मोडी असावीत. आईला एक 'श्री' सोडून काही लागत नाही. मामाला विचारलं तर म्हणाला, पणजोबांचा मचवा होता, मुंबईला कौलं आणि सुपारी न्यायचे. पण इंग्रजी चार्ट त्यांच्याकडे कुठून आला ते त्याला माहीत नाही. पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं एवढं नक्की.

पुणेरी_बोरू | १५ मे, रात्री १०:३०

मोडी मला येते. (खाटकाच्या उपमेबद्दल अर्धवट दिलगिरी. बोकडाबद्दलची कायम.)

अक्षर वळणदार नाही, पेन्सिल बोथट आहे, कागदाच्या घडीत दोन शब्द गेलेत. लागलं ते असं:

'मसिदीचा घुमट व माड येक जाले ह्मणजे आंत घेणे.'

त्याखाली, वेगळ्या वेळी लिहिलेलं, जरा ठळक:

'पावसाळियानंतर दांडा दक्षणेस सरला. माड धरूं नये.'

तिसरी ओळ घडीत आहे. 'बुरूज' एवढाच शब्द खात्रीने लागतो. घडी सपाट झाल्यावर पुन्हा फोटो टाका.

आणि एक. छापील चार्टवर 'टोलकेश्वर पॉइंट' आहे, त्यावर एक बारीक काट मारून शेजारी मोडीत लिहिलंय: 'टाळकेश्वर'.

फणसगरा | १५ मे, रात्री १०:४१

ब्रिटिश आरमाराचं शुद्धलेखन तपासलंय पणजोबांनी. मानलं.

खलाशी_दादा | १६ मे, पहाटे ५:१०

बरोबर. समुद्रातून येताना मागची खूण आणि पुढची खूण एका रेषेत आली की समजायचं आपण पाण्यात आहोत, दांड्यावर नाही. पुढची सरकली डावीकडे की सुकाणू तिकडे. आमच्यात अशा खुणा तोंडीच असतात, बाप मुलाला दाखवतो. लिहून ठेवलेल्या मी पहिल्यांदा बघतोय. इंग्रजी न येणाऱ्यालाही चार्टातले आकडे वाचता येतात, आकड्यांना कुठली भाषा? खोलीसाठी कागद त्यांचा घेतला असेल, वाट स्वतःची मांडली.

पण जपून. आज त्या खुणेवर कुणी आत येऊ नये. दांडा दर पावसात हलतो. पणजोबांनीच तीन ओळींत एकदा स्वतःचं खोडलंय.

वाशिष्ठीकाठ | २४ मे, रात्री ९:३०

सगळ्यांना अपडेट. ब सपाट झाला. सुरंगीताईंच्या सांगण्यावरून दोन टिपकागदांत, वर मांजरपाट, मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, भिंतीपासून वीतभर पुढे. मामा स्वतः वेखंड घेऊन आला. खोडरबराचं कुणी नाव काढत नाही.

घडी उघडली तर तिसरी ओळ स्पष्ट झाली. बोरूंनी फोनवर वाचून दाखवली: 'बुरूज व घुमट येक जाले ह्मणजे आंत.' म्हणजे माड गेला, बुरूज आला. आता मला कळत नाहीये की हा बुरूज कुठला. गोपाळगडाचा धरावा तर तो तोंडाशीच दक्षिणेला आहे, घुमटाशी रेषेत कसा येईल? की गावात दुसरं काही बुरुजासारखं होतं?

अ कागद वॉशिंग मशीनच्या वर टांगलाय. तिथे भिंतीला ओल येते, कॅलेंडरं टिकत नाहीत. हा टिकतोय. आणि घरी खरा आकडा कळला. कसा ते फणसगऱ्यांना माहीत असावं.

फणसगरा | २४ मे, रात्री ९:३४

मी नाही हो! आईशप्पथ.

खलाशी_दादा | २५ मे, पहाटे ५:२०

कागदावर बघून बुरूज सापडणार नाही, पाण्यावरून बघावा लागेल. आता दर्या बंद व्हायला आला. नारळी पौर्णिमा होऊ दे, पाणी निवळलं की या. धक्क्यावरून होडी काढू, बाहेर जाऊन फिरू आणि येताना घुमट डोळ्यासमोर ठेवून बघत राहू, त्याच्यापुढे काय काय येतं ते.

फोटो मोबाइलमध्ये आणा. कागद घरीच ठेवा.